दोन-सहा

उदगीरच्या बाजारात तीस वर्षं
मी बायकांचे हात दाबत आले.
अंगठा आत, करंगळी त्याच्याकडं,
मधली हाडं गोळा करायची,
बाई बोलण्यात गुंतली
की चुडा मनगटावर.
हात धरला की माप कळतं मला.
दोन-चार. दोन-सहा.
कुणाचा धुण्यानं राठ झालेला,
कुणाचा भर उन्हाळ्यात थंडगार.

आता लातूरला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
सहा खुर्च्यांतल्या तिसऱ्या खुर्चीवर
माझा हात सिस्टर रेबेका निर्मळच्या हातात.
गरम पाण्याचं फडकं ठेवून
ती बोटानं टिचकी मारत नस शोधते,
मी काचेला तडा आहे का बघायची तशी.
"मागच्या वेळची रुसली की वो, मावशी."
"मग दुसरी बघ. डझनानं तर आहेत."
"आणि जावई आला का पुण्याहून?"
मी जावयाचं सांगायला तोंड उघडते
तोवर सुई आत.
ओळखली मी लबाडी. आमच्याच धंद्यातली.

लाल औषध ती लावून निघून जात नाही.
स्टूल ओढून बसते, हळूहळू ढकलते,
नजर माझ्या कातडीवर.
थेंब बाहेर गेला तर मांस जळतं म्हणली.
"आज लघवी लाल होईल. रक्त नाही ते.
घाबरून गल्ली गोळा करू नका."
डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं.
लघवीचं हिनं सांगितलं.
तोंड आलं तर भात ताकात कालवा,
भाकरी दुधात कुस्करा, ठेचा बंद.
ठेचा बंद म्हणल्यावर मी रडले.
छाती काढली तेव्हा रडले नव्हते.

डाव्या हाताला सुई नाही,
बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगडी नाही.
कासारणीचा हात मोकळा!
नवरा दुकानात बसलेला, धडधाकट, हिशोब चुकवत,
आणि गिऱ्हाईक बाया माझं मनगट बघून
हळूच त्याच्याकडं बघायच्या.
रेबेकाला सांगितलं. ती हसली नाही.
पुढच्या खेपेला त्याला आत बोलावलं,
हातात टेप दिली.
"काका, दर सोमवारी, कोपराखाली चार बोटं.
सूज वाढली का ते वहीत लिहायचं."
जन्मभर त्यानं जगाची मापं विकली,
माझा हात पहिल्यांदा मोजला.

तिसऱ्या खेपेनंतर नवव्या रात्री
थर्मामीटर एकशे एक.
मी म्हणलं, गोळी घेऊ, सकाळी बघू.
त्यानं कार्डावरच्या नंबरला फोन लावला.
रात्रीचे दोन.
तिकडं कुठंतरी लेकरू रडत होतं,
त्याच्यावरून तिचा आवाज,
"सकाळची वाट बघू नका. आत्ता निघा.
दारात पोचलात की आधी केमोचं सांगा."
एसटी नव्हती.
दुधाच्या टेम्पोत रिकाम्या कॅनांमधे बसून
नळेगाव मागं टाकलं.
दारात स्ट्रेचर, सलाइन तयार,
सगळं तिनं आधीच कळवलेलं.

पांढऱ्या पेशी चारशे.
चारशे म्हणजे किती गं, मी दुसऱ्या दिवशी विचारलं.
"बाजार उठल्यावर मागं राहतात तेवढी माणसं."
मग? 
"मग काय, पुढच्या बाजारापर्यंत राखण."

अजून दोन खेपा आहेत.
पुढचं ती पण सांगत नाही,
मी पण विचारत नाही.
ड्यूटीवर ती बांगडी घालत नाही.
दुकानात एक डझन काढून ठेवल्यात,
निळ्या, बिनटिकलीच्या, कागदात गुंडाळून.
त्यांच्यात निळ्या चालतात का, माहीत नाही.
आज ती नस शोधत होती
तेव्हा मी तिचाच अंगठा आत दाबून पाहिला.
"मावशी, हात सोडा, मला सुई धरायचीय."
सोडला.
दोन-सहा. हाडं मऊ आहेत.
चढतील.